वीतभर हिरवं कापड

जवळा बाजार
२ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
धाकट्या सटवाजीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि मी ओरडलो की गोरेगावची अर्धी बाजारपेठ ऐकून घेते, म्हणून पुन्हा कागदावरच आलो. आपली सपना बाळंत झाली. मुलगी. मायलेकी खुशाल आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा नामकरण आपल्याच दारात. रविवार, २२ तारीख धरली आहे.

थंडी लई पडून राहिली. लेकराला तुझ्या हातची लोकरीची वाकळ पाहिजे. हिंगोलीहून तुमच्याकडं येणाऱ्या जीपवाल्याजवळ दरसालसारखं पोतं देतो आहे. दुकानात उरलेली कोटांची कातरण आहे. एकच सांगणं, तुकडे बारीक कर, बोटभर. नक्षी उठून दिसते. मोठे ठेवू नको.

तुझी भावजय म्हणते, आक्कांना आठ दिवस आधी बोलवा. मी म्हटलं, आक्का आली की चुलीपासून चपलेपर्यंत तिचंच राज्य, चार दिवस पुरेत. तरी तू ये.

आजवर जीव लावलास तसाच पुढंही लाव.
तुझा सटवाजी

*

गोरेगाव
९ डिसेंबर २०२४

चि. सटवाजीस,
आक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आजोबा झालास. आता तरी बशीतला चहा आवाज न करता पी, नात ऐकून राहिली.

पोतं पोचलं. ह्याला तू कातरण म्हणतोस? कातरण म्हणजे वेडीवाकडी चिंधी. तुझ्या पोत्यात वीत-वीतभर अखंड तुकडे, कडा सरळ. कोट शिवून वर एवढं उरवणारी कात्री मी जन्मात पाहिली न्हाई.

आणखी एक नवल. लोकर आधी भिजवून आटवावी आणि मग कापावी, हे तूच मला शिकवलंस. गिऱ्हाइकांना तर तू तीस वर्षं सांगतोस की लोकर आटते, वीतभर कापड जास्त आणा. मग तुझ्याकडं आटलेलं कापड माझ्या बादलीत पुन्हा काहून आटलं? गोरेगावच्या पाण्यात काही गुण असेल. मी बाईमाणूस, मला कोटातलं काय कळतं!

बारीक तुकडे मी करणार न्हाई. जाड कापडाला बोटाबोटावर जोड दिले तर गाठीच गाठी येतील आणि लेकराच्या पाठीला टोचतील. दोन सुया मोडून बघितल्या. म्हणून वीतभर चौकोन ठेवलेत. आतून आपल्या आईचं जुनं लुगडं, वरून दाट धावदोरा. मधोमध एक बाटलीहिरवं कापड घेतलंय, तांबड्या बारीक रेघेचं. असं आपल्याकडं मिळत न्हाई. कुणाचं रे होतं?

वाकळ नामकरणालाच उघडीन, तोवर कुणी पिशवीला हात लावायचा न्हाई. भावजयीला सांग, चपला तिच्या राज्यात राहू दे, मला चूल पुरे.

भांडलो तरी माया आटू देऊ नको.
तुझी आक्का

*

जवळा बाजार
२५ डिसेंबर २०२४

ती. आक्कास जयभीम.

तुझं नऊ तारखेचं पत्र पोस्टमननं काल आणून दिलं, तू गेल्यावर. आधी मिळालं असतं तर मी गोरेगावला येऊन ते चौकोन माझ्या हातानं उसवले असते. चार दिवस तू इथं होतीस आणि वाकळ पिशवीत. काढलीस ती थेट मांडवात, आणि वर दोरीवर टांगलीस, सगळ्यांना दिसावी म्हणून. दिसली.

मांडवात निम्मा गाव होता आणि निम्म्या गावाचे कोट मी शिवलेले. भंतेजींनी पंचशील म्हणायला लावलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा. दुसऱ्या शीलाला, न दिलेलं घेणार नाही तिथं, मी मान वर केली. प्रेमानंद गुरुजी आपल्या करड्या कोटाकडं टक लावून बघत होते. अंगातल्या नव्हे, दोरीवरच्या वाकळीतल्या. माझा आवाज तिथंच बसला.

गुरुजी निदान मिशीत हसले. किसनसिंग तर स्वतःचा तपकिरी तुकडा बायकोला बोटानं दाखवत होता. थावराभाऊ हसला न्हाई.

तू विचारलंस ते हिरवं कापड त्याचं. शाळेत शिपाई होता. सहा वर्षांमागं निवृत्त झाला तेव्हा फौजेतल्या पोरानं पठाणकोटहून पाठवलं होतं. जन्मातला पहिला कोट. मी सवयीनं वीतभर बाजूला काढलं आणि मग बाहीला कमी पडलं. घालून बघताना बाही तीन बोटं आखूड. मी भरल्या दुकानात म्हणालो की कापड बराबर आहे थावराभाऊ, तुमचे हातच माणसापरीस लांब. सगळे हसले, तोही हसला. निरोपाच्या दिवशी तो हात पाठीमागं बांधून बोलला. लोक म्हणाले, किती नम्र माणूस.

मांडवात त्यानं हिरवा चौकोन दोन बोटांत धरला आणि मनगटाशी लावून पाहिला. तेव्हा तूच पुढं होऊन म्हणालीस, हे सगळं कापड मी हिंगोलीच्या बाजारातून आणलं. तो तुला म्हणाला की छान शिवलं बाई. लेकराच्या मुठीत नोट ठेवली आणि न जेवता गेला.

आता एवढं कर. त्याला दोन ओळी लिही, की कापड हिंगोलीचंच. तुझ्या शब्दाला गावात वजन आहे. सपनाच्या सासरचेही विचारून राहिले. तीस वर्षांचं दुकान आहे, आक्का. आणि चूक थोडी तुझीही आहे, मी बारीक कर म्हटलं होतं.

रागावलीस तरी तोडू नको.
सटवाजी

*

गोरेगाव
३० डिसेंबर २०२४

सटवाजीस जयभीम. आशीर्वाद ह्या वेळी हातचा राखून ठेवते.

थावराला मी लिहिणार न्हाई. एकदा खोटं बोलले, तेही तुझी नात मांडीवर असताना. कुणी विचारलंही नव्हतं. तोंडातून कसं निघालं ह्याचा मी घरी येताना जीपमध्ये विचार करत होते. निघालं, कारण तयार होतं.

तुला शिव्या द्यायला बसले होते. मग कोठीतल्या वाकळी बाहेर काढल्या. चार आहेत, चारी तुझ्या पोत्यांतल्या. वीस हिवाळे पोतं येत गेलं आणि तुकडे एवढे मोठे काहून, हे मी दर वेळी चेष्टेनं विचारत गेले. चेष्टेत विचारलं की उत्तर ऐकावं लागत न्हाई. तू कापलंस, मी शिवलं, आणि गावाचे कोट पांघरून मीच ऊब घेतली. शेजारणींना वाकळी दाखवून कौतुकही करून घेतलं. आता त्या दाराआड ठेवल्यात. कुणी आलं की मला त्यांच्याकडं बघवत न्हाई.

तरी कापडाचं एक सांगते. शिंप्यानं थोडं कापड खाल्लं तर गाव टोमणे मारतो आणि पुन्हा त्याच्याकडंच शिवायला येतो. पण तू कापड घेतलंस आणि वर माणसाच्या हातांना नाव ठेवलंस. ह्या थंडीत थावरा नामकरणाला अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात आला होता. बाकी सगळे स्वेटरात. मी बघितलं. काहून आला असेल, हे तू शोध.

आणि घरी जाऊन हळूच कानात सांगू नको. हसवलंस भरल्या दुकानात, तर सांगायचंही भरल्या दुकानातच. वाकळ मात्र उसवायची न्हाई. लेकराला थंडी वाजते, तिचा ह्यात काही गुन्हा न्हाई.

दुकानाचं काय व्हायचं ते होवो. तू माझा भाऊ आहेस, हे मला नाइलाजानं कबूल आहे.
आक्का

*

जवळा बाजार
१० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सटवाजीचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा मापाची वही उघडली. सहा वर्षांत थावराचे नऊ सदरे शिवले. नऊही अर्ध्या बाहीचे. त्याआधीचे सगळे पुऱ्या बाहीचे. बेतणारा मी, कापणारा मी, आणि एकदाही मनात आलं न्हाई की काहून.

तरी दोन बाजार मी शब्द गिळून काढले. तिसऱ्या बाजाराला तो रस्त्यानं जाताना दिसला, हाक मारली. दुकानात गुरुजी होते, किसनसिंग होता, सोयाबीन घालून आलेले चौघे होते. मी सांगितलं, थावराभाऊचे हात बराबर होते, बाहीचं कापड मी काढून घेतलं, आणि आक्का खोटं बोलली ती माझ्यासाठी. एवढंसं बोलणं, तीनदा अडलं. किसनसिंगला हसू फुटलं. गुरुजींनी त्याचा गुडघा दाबला.

मी टेप घेतली, म्हटलं हात मोजून सगळ्यांना दाखवतो. थावरानं हात दिला न्हाई. म्हणाला, सहा वर्षं मी नातवंडांना भिंतीशी उभं करतो आणि त्यांचे हात बघतो, माझ्यासारखे लांब तर निघणार न्हाईत ना म्हणून. तुमच्या टेपेची आता गरज न्हाई. नवा कोट शिवून देतो म्हणालो, तर म्हणाला की निरोप एकदाच असतो. माफ केलं असं काही बोलला न्हाई. मीही विचारायला धजलो न्हाई.

आठ दिवस दुकानात कुणी फिरकलं न्हाई. आता येतात, पण कापड कापून होईपर्यंत समोर बसून राहतात. चहा दिला तरी नजर कात्रीवर. उरलेली चिंधीसुद्धा मी हातात देतो. सपना सासरी गेली. वाकळ नेली तिनं, पण माझ्याशी बोलताना लेकराकडंच बघत होती.

काल थावरा दुकानासमोरून गेला. अंगात नवा पांढरा सदरा, पुऱ्या बाहीचा. वसमतला शिवून आणला म्हणे. हात मोकळे सोडून चालला होता आणि बाही बराबर मनगटावर. कॉलर मात्र वाकडी बसली होती, आक्का, डावीकडं अर्धं बोट. माझ्या हातून अशी कॉलर तीस वर्षांत गेली न्हाई. मी उठलो, दारापर्यंत गेलो. मग तोंड मिटून परत मशीनवर येऊन बसलो.

लोभ मागायचा हक्क सध्या मला न्हाई. तुला वाटेल तेव्हा दोन ओळी टाक.
सटवाजी