जाकिटाच्या खिशातले अक्रोड

दादा,

फ्रिजमधला तुझ्या चोवीस तासांच्या लघवीचा कॅन लॅबमध्ये परत द्यायला नेतेय. तपासायला नव्हे, बदलून आणायला. दुकान उघडायच्या आधी हे वाच.

इस्त्रीसाठी तुझं जाकीट घेतलं, तर खिशात अक्रोडाची टरफलं. अक्रोड, केळी, टोमॅटो तीन दिवस बंद, नाहीतर पोटातली गाठ दाखवणारा लघवीतला आकडा उगाच वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. तू तर लहानपणापासून अक्रोड कडू म्हणून थुंकतोस. मग नेमके आत्ताच डोहाळे कसे लागले?

मला संशय आहे तो असा. आकडा मोठा आला तर तुला म्हणायचंय, पोटात गाठबिठ काही नाही, अक्रोड खाल्ले होते. गिऱ्हाइकाला कोट तंग झाला की कापड आटलं म्हणतोस, तसंच.

संशय घ्यायची मला खोड आहे, कबूल. सहा महिने तुझा चेहरा लालबुंद झाला की दारू प्यायलास म्हणून मी गुपचूप तुझा पेला हुंगत होते. ती लाली गाठीमुळेही येते हे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर कळलं, त्याबद्दल माफ कर. पण या वेळी माझं नाक चुकलेलं नाही.

आजपासून पुन्हा तीन दिवस पथ्य. जेवण झाकून ठेवलंय, त्यात टोमॅटो नाही. उरलेले अक्रोड शोधू नकोस, माझ्या पर्समध्ये आहेत.

तू घाबरलायस, मीही घाबरलेय. पण तूच खोटं माप दिलंस, तर कात्री कुठे चालवायची हे त्या बाईंना कसं कळणार?

धाकटी