कॅप न बसवलेले दात

४ जानेवारी १९९९
आज सातपूरच्या दवाखान्यात रुजू झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यात दातांची डॉक्टर. आईनं नांदगावच्या स्टँडवर कंडक्टरलासुद्धा पेढा दिला. दवाखान्याचे मालक शेखर सर मोकळ्या स्वभावाचे आहेत. मागच्या खोलीत दातांच्या मापावरून ओतलेले शेल्फभर प्लास्टरचे जबडे आहेत. रूट कॅनॉल झालं, कॅपसाठी माप दिलं आणि मग फिरकलेच नाहीत, अशा पेशंटचे. कॅप बसेपर्यंत जबडा टाकायचा नाही, हा सरांचा नियम. मी ठरवलंय, शेल्फ रिकामं करायचं.

११ जानेवारी
पेशंटना समजावून समजावून घसा बसला. रूट कॅनॉलनंतर दात पोकळ, ठिसूळ होतो. आत पोस्ट, म्हणजे बारीक खिळा, रोवून, भर घालून वर कॅप बसवली तरच टिकतो. पण ठणका थांबला की कोणी ऐकत नाही. मखमलाबादच्या सरुबाई बाजारात भाजी विकतात. आज शेजारणीसोबत आल्या होत्या, म्हणून त्यांच्या राहिलेल्या कॅपचं विचारलं; त्यांचाही जबडा शेल्फवर आहे. म्हणाल्या, “दुखत नाय ना आता, ताई. मेलेल्या दाताला टोपी घालून काय त्याचं लगीन लावायचंय?” बाकावरचे सगळे हसले. मला रडू येत होतं.

१९ जानेवारी
शेल्फवर पांढरी भुकटी. पुंजाराम फिटरच्या जबड्यातली दाढ दुभंगलेली. दुपारी तो स्वतः आला, तोंडातून तुटलेली तीच दाढ हातात घेऊन. सर म्हणतात, प्लास्टर हलकं निघालं. तेवढंच.

२३ जानेवारी
जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. जबडे चावत होते. सावकाश, भाकरी चावावी तसे. सरांना बोलावलं तर थांबले. सर म्हणाले, रविवारी झोप काढ.
सरुबाईंच्या जबड्यातली दाढ तडकत आली होती. ती तरी वाचावी. लॅबला पाठवताना बांधतात तसे वरचा-खालचा मिटवून तारेनं करकचून आवळले.

२५ जानेवारी
सर बाहेरगावी. सरुबाईंना सुनेनं धरून आणलं. शनिवारी दुपारपासून तोंड उघडत नाही. पाणीसुद्धा नाही. सून म्हणते, तुमच्याच दवाखान्यात काहीतरी झालं. सरुबाई नुसत्या माझ्याकडे बघतात.
मी आत धावले. तार कापली. जबडा मिटलेलाच—

नंतर
पक्कडीनं ओढला. जरासा उघडला. बाहेरून सून म्हणाली, उघडतंय. मी फटीत बोट घातलं आणि—
सोडत नाही. वही एप्रनच्या खिशात होती, डाव्या हातानं लिहितेय. कोणाला तरी हे कळलं पाहिजे. सुनेला हाक मारली. ती बाहेर रडतेय, सासूचे दात पुन्हा मिटले म्हणून.
शेल्फवरचे सगळे चावायला लागलेत.
हातोडी हाताला येते. एक घाव घातला तर बोट सुटेल. प्लास्टरच तर आहे. पण बाहेर सरुबाईंचा—
हाडापर्यंत गेलं. हातोडी उचल—