शिखर जागचं हललं नाही

११ डिसें. २००६, सोम.
सकाळी पूजा आटोपून लवकर प्रयोगशाळेत गेलो आणि जड हायड्रोजनचा नमुना यंत्रात चढवला. रेणू तोच, फक्त त्यातला अणू जड. जड अणू सावकाश थरथरतो, म्हणजे आलेखातलं शिखर कमी व्होल्टेजकडे सरकायला हवं. पुन्हा पुन्हा पाहिलं. जागच्या जागी. म्हणजे ते रेणूच्या थरथरण्याचं नव्हेच.
माझा जुना सहकारी दिघे, त्याचं नाव झालं ते याच शिखरावर. मोजलं मी, निबंधातून माझं नाव गाळलं त्याने. शुक्रवारी परिषदेत तो त्यावरच बोलणार.
बोलू दे. मग सगळ्यांसमोर विचारीन. आवाज कसा बसतो ते ऐकायचंय.

१२, मंगळ.
सौ. म्हणाली, एवढं काय चाललंय डोक्यात? सांगितलं. सुईच्या टोकापासून धातूपर्यंत फट असते. इलेक्ट्रॉन ती पार करतो, अंगात तेवढी ताकद नसताना. मध्ये रेणू असला तर त्याला थरथरवून, थोडी ऊर्जा त्याला देऊन जायची आणखी एक वाट उघडते.
"म्हणजे शेजारच्या जिग्नाबेन. बेल न वाजवता आत, आणि जाताना मला हलवून जातात."
हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१४, गुरु.
उपास. पेणकरपाड्याच्या देवळात हात जोडले. कुणाचं वाईट मागायची सवय नाही, दत्तापुढे शब्दच फुटेना. तसाच परतलो.
संध्याकाळी दिघेचा फोन. "गुरव, उद्या पुढे बस रे. तू दिसलास की धीर येतो."
इतक्या वर्षांनी हे. आत्ताच सांगून टाकावं का... "बसतो," एवढंच म्हणालो.
सौ.: "आणि ते शिखर गेलं की तुमचं काय राहिलं? मोजलंत तर तुम्हीच ना?"
माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढं एकच.

१५, शुक्र.
पुढच्या रांगेत बसलो. दिघे छान बोलला. प्रश्नांच्या वेळी हात वर केला. "जड हायड्रोजन घालून पाहिलंत का?"
तो पाणी प्यायला. मग माईकवर, "हे मोजमाप मुळात गुरवांचं. तेच सांगतील."
सगळे माझ्याकडे वळले. नाव घेतलं शेवटी. आज. त्याला आधीच कळलं होतं की काय, देव जाणे. 'शिखर पक्कं आहे' म्हणून खाली बसता आलं असतं.
फळ्याजवळ गेलो. साध्या आणि जड हायड्रोजनचे दोन्ही आलेख एकाखाली एक काढले. म्हणालो, "हो, माझंच. आणि हे त्या रेणूचं नाही."