गोळीला न मरणारे

चि. धोंडीबास, आईचा चाकणहून आशीर्वाद.

तुझा गणराज जेवतोय, घोर लावून घेऊ नकोस. क्षयाच्या गोळ्यांनी मळमळतं, मशीनवर उभं राहवत नाही, म्हणून खोकला थांबताच त्या शहाण्यानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि ओव्हरटाइम धरला. आता रोग उलटलाय, जुनी गोळी लागू पडत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "जंतू गोळी ओळखायला शिकले वाटतं!"

त्या म्हणाल्या, "शिकत नाहीत, आजी. काही आधीपासूनच निराळे निघतात, गोळीला न मरणारे. बाकीचे मेले, आता त्यांचीच पिलावळ आहे."

म्हणजे आपणच दांडगे तेवढे पोसले.

सूनबाईचा गुडघा कसा आहे? धाकट्या दिव्याला सुट्टीत इकडे धाडू नकोस. मलाही खोकला लागलाय. धुळीचाच असेल, तरी थुंकी तपासायला दिली आहे.

तुझी आई