सहावा फेटा

१ जानेवारी १९७५, बुधवार
या गावात आलो त्याला साडेपाच वर्षं झाली. मी आता पूर्णपणे इथला झालो आहे. फक्त गावाला ते कळायचं आहे.
मालवणहून थोरल्या भावाचं पत्र. तिथल्या हायस्कुलात भूगोलाची जागा एप्रिलअखेर रिकामी होते. येतोस का, म्हणतो. घाई करणार नाही. शास्त्रीय पद्धतीनं ठरवणार.

३ जानेवारी
पद्धत ठरली. चैत्रातल्या यात्रेत कुस्त्यांच्या फडावर गाव पाहुण्यांना फेटा बांधतं. गावकऱ्यांना बांधत नाही. गावकरी राबतात आणि शेवटच्या पंगतीला जेवतात. मला पाच यात्रांत पाच फेटे बांधले. म्हणजे लाऊडस्पीकरवरून पाच वेळा सांगितलं की तू परका.
यंदा फेटा बांधला तर मालवण. नाही बांधला तर मरेपर्यंत इथेच.
सौ.ला सांगितलं. ती शेजारच्या बनाबाईंकडे जुन्या कापडांची वाकळ शिवायला निघाली होती. 'बरं' म्हणाली. प्रश्नाचं गांभीर्य तिच्या लक्षात आलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
संकल्प. रोज इथल्या बोलीतले पाच शब्द वहीत उतरवणे. रस्सा न रडता खाणे. शिवाय टोपणनाव मिळवणे, हे सर्वांत महत्त्वाचं. या गावात नुसत्या नावानं कोणी राहत नाही. आकाराम फौजेतून हवालदार होऊन आला, त्याला 'बिगूल' म्हणतात. देवळाचा गुरव फार सावकाश चालतो, तो 'अर्जंट'. मला सगळे 'मास्तर' म्हणतात. माझ्याआधीच्या तिघांनाही तेच म्हणत.
मला 'दर्या' शोभेल. स्टाफरूममध्ये तीनदा सहज उच्चारून ठेवलं.

१९ जानेवारी
पारावर आबा बसले होते. वय सत्तर. यात्रा कमिटीचे मुख्य. शब्द वापरण्याची संधी साधली. म्हणालो, "काय रं आबा, कवा आलास गड्या?"
पारावर एकदम शांतता. माझ्या सहजतेनं सगळे थक्क झाले असावेत. थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "मास्तर, जीव बरा हाय न्हवं?" केवढी आस्था. चहाही पाजला.
घरी सौ. म्हणाली, मोठ्या माणसाला रं म्हणत नाहीत, आवं म्हणतात. बनाबाईंकडून तिला असं काहीबाही कळत असतं. ती वही न ठेवता बोलते. हे शास्त्रशुद्ध नाही.

२० जानेवारी
शब्द उतरवले नाहीत. पेपर तपासायचे होते. उद्या दहा.

९ फेब्रुवारी
परसातलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, रोप गेलं. मालवणहून आणलेलं तिसरं. आबा कुंपणापलीकडून म्हणाले, "त्याला हितलं पानी मानवत न्हाई, मास्तर. उपटा आन् मिरची लावा. मिरची आपली हाय."
भूगोलाच्या माणसाला गप्प बसवेना. समजावून सांगितलं. मिरचीसुद्धा इथली नव्हे. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी जहाजातून आणली. तेव्हा ती परकी होती, आज तिच्यावाचून गावाचं पान हलत नाही. तात्पर्य, बाहेरून आलेला कोणीही...
तात्पर्यापर्यंत पोचू दिलं नाही. आबा लाल झाले. "मिरची आमची न्हाई? मग आमचा खापरपणजा भाकरीसंगं काय पेढं खात हुता?"
मिरी असावी, म्हणालो.
"मिरीचा ठेचा?" एवढंच बोलून निघून गेले. विचारात पडलेले दिसले. मुद्दा पटला असावा.

११ फेब्रुवारी
गावभर माझ्या विषयाची चर्चा. ज्ञानप्रसार असाच होतो. दाढीला गेलो तर न्हावी म्हणाला, "भाकरी तरी आमची ऱ्हाऊ द्या, मास्तर. का तीबी जहाजातनं उतरली?" ज्वारी मूळची आफ्रिकेतली, हे सांगण्याचा मोह आवरला. वस्तरा गळ्याशी होता.
आबा दिसले. मान फिरवून गेले. वयोमानानं नजर कमी झाली असेल.

२ मार्च, रविवार
आकारामकडे जेवायला. माझ्यासाठी पाट, पाटावर घडी घातलेली चादर. घरची माणसं भुईवर. मीही हट्टानं भुईवर बसलो. मग ती सगळी संकोचून उठली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. उभ्यानं आग्रह केला.
रस्सा दोन वाट्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते भावनेचं असल्याचं सांगितलं. नाकातून आलं त्याचं कारण सुचलं नाही.

६ एप्रिल
आबांच्या घरी गेलो. स्पष्टच सांगितलं. यंदा फेटा नको, काम द्या. आबा अडकित्त्यानं सुपारी फोडत होते. खांड तोंडात टाकून "बगू" म्हणाले.
'बगू' म्हणजे नाही. साडेपाच वर्षांत एवढं कळतं.
राजीनाम्याचा मसुदा केला. उत्तम उतरला आहे. 'जड अंतःकरणाने' दोनदा आलं, एक काढलं.

२५ एप्रिल, शुक्रवार. चैत्री पौर्णिमा
आज पालखी. उद्या फड. केस कापून घेतले. फेटा नकोच आहे, पण डोकं तयार असलेलं बरं.

२६ एप्रिल, सायंकाळी ७
नीट लिहून ठेवतो.
राजीनामा खिशात घालून फडावर गेलो. पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर रहिमतपूरचा कोणी व्यापारी बसला होता. बाजूला उभा राहिलो. लाऊडस्पीकरवर पाहुण्यांची नावं सुरू झाली. बांधणाऱ्याला सोयीचं पडावं म्हणून मान जरा पुढे काढली. यादी संपली. चुकून राहिलं असेल, पुन्हा वाचतील, म्हणून मान तशीच ठेवली.
मागून आकारामचा फौजी आवाज. "ए पोर्तुगाल! मान काय काडून हुबा ऱ्हायलास? पंगत बसली, वाड की रं!"
पोर्तुगाल कोण, म्हणून मी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.
हातात रश्श्याची बादली आली. तीन पंगती वाढल्या. व्यापाऱ्यापाशी पोचलो तर आबा लांबून ओरडले, "हात आखडू नगंस, पोर्तुगाल! वत की! तुज्याच जहाजातली हाय मिरची!" सबंध पंगत हसली. व्यापारीही हसला. त्याला काही ठाऊक नसताना.
न्हाव्याला हळूच विचारलं, हे नाव कधीपासून? म्हणाला, "फेब्रुवारीपासनं. तुला न्हवतं म्हाईत?"
चौथ्या पंगतीला बसलो. भुईवर. मटण संपलं होतं. भाकरी आणि पातेल्याच्या तळचा रस्सा. कोणी आग्रह केला नाही.

२७ एप्रिल, रविवार
पद्धतीप्रमाणे निकाल स्पष्ट आहे. आनंद व्हायला हवा. झालाच आहे. तरीपण पाच वर्षांचा रिवाज एकाएकी मोडायचं कारण नव्हतं. व्यापाऱ्याचं डोकंही फेट्याला लहान होतं.
सकाळी भावाला पत्र लिहायला बसलो. 'दीर्घ विचारान्ती' अशी सुरुवात. चार पानं झाल्यावर सौ.ला तिकीट मागितलं. म्हणाली, कशाला? तिनं जानेवारीतच कार्ड टाकलं होतं. काय लिहिलं होतंस, म्हणून विचारलं. "आमी हितंच बरं हाय, तुमी दुसरा मास्तर बगा." एका ओळीत. भावाला भाषा कशी कळली कोण जाणे.
राजीनामा बंबात घातला.
दुपारी बनाबाई वाकळ घेऊन आल्या. ओसरीवर पसरली. पाच रंगांचे पाच पट्टे, ओळखीचे वाटले. माझे फेटे. सहाव्या पट्ट्याची जागा मोकळी ठेवलेली.
"फेटा आन जा," बनाबाई म्हणाल्या. "शेवटची शिवन राह्यलीया."
यंदा बांधला नाही, म्हणालो.
त्यांनी सुई पदराला खोचली, वाकळ उलटसुलट करून पाहिली.
"मग तुजंच पाय उगडं ऱ्हात्यात बग, पोर्तुगाल."