सगळ्या बाळांचं वजन

बाई, परवा नव्या समुपदेशक मुलींच्या प्रशिक्षणाला मला बोलावलं होतं. एक तरुण डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते, की गरोदर बाईची नेहमीची तपासणी आणि एचआयव्हीची तपासणी, औषधं, सल्ला हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच दिवशी व्हायला हवं, म्हणजे बायका मधेच गळत नाहीत. मुली भराभरा वहीत उतरवून घेत होत्या आणि मी मागच्या खुर्चीत बसून हसत होते. शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं विचारलं, काय झालं म्हणून. तिला काय सांगणार? वेल्ह्याकडच्या आपल्या दवाखान्यात हे चालायचं तेव्हा त्याला नावच नव्हतं. तुम्ही फक्त म्हणायचात, "समद्यांना एकाच बाकावर बसवा, आन गप कामाला लागा."

तुम्ही तिथल्या जुन्या नर्सबाई, आणि मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. भोरमधून रोज एसटीनं यायचे. नेमणुकीच्या कागदावर समुपदेशक असं भारदस्त लिहिलेलं होतं, पण गावातल्या बायका मला 'त्या बोलायच्या मॅडम' म्हणायच्या. घरात अम्मीला हे काम पसंत नव्हतं. असल्या आजाराचं काम करणाऱ्या मुलीला स्थळं कुठून येणार, असं तिचं म्हणणं. ते कळल्यावर तुम्ही एका रविवारी सरळ आमच्या घरी आलात, अम्मीच्या हातचा शिरखुर्मा दोन वाट्या खाल्लात आणि निघताना म्हणालात, "पोरगी माझ्याजवळ हाय. स्थळाचं म्या बघते." स्थळ काही तुम्ही बघितलं नाहीत, पण अम्मी त्या दिवसापासून मला डब्यात एक पोळी जास्त द्यायला लागली, तुमच्यासाठी.

पहिल्याच महिन्यात मी फार हुशारी केली होती. ज्या बाईची तपासणी पॉझिटिव्ह आली तिच्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवली. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या लगेच लक्षात यावं, चूक होऊ नये, असा माझा शुद्ध हेतू. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, उलटंपालटं केलंत आणि ओरडला नाहीत. मला म्हणालात, "चल, ते स्टूल उचल." व्हरांड्याच्या टोकाला, बायकांच्या बाकापासून दहा हात लांब ते ठेवायला लावलंत आणि मला त्यावर बसवलंत. दुपारपर्यंत. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते आहे, "मॅडम, तुमी हितं एकट्याच का? काय झालं तुमाला?" एक म्हातारी तर माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून लांबून गेली. बाक रिकामा झाला तेव्हा तुम्ही आलात. "कळलं का टिकली काय करती ते?" मी रडत होते. तुम्ही टिकली नखानं खरवडून काढलीत आणि मला घासभर पोहे दिलेत. त्यानंतर त्या बायकांची खूण फक्त तुमच्या आणि माझ्या डोक्यात असायची. कपाटाला कुलूप, तोंडालाही कुलूप. बाळाला द्यायच्या औषधाची बाटली लोहाच्या गोळ्यांच्या मागे, त्याच कपाटात.

त्या कार्डाची मालकीण तुम्हाला आठवत असेलच. मला तर ती आत्ता समोर दिसते आहे. बावीस वर्षांची, हसताना हात तोंडावर धरणारी. नवरा टेम्पो चालवायचा. दोघांची तपासणी झाली, दोघांनाही निघालं. त्या दोघांशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आजार बाळापर्यंत पोचू नये म्हणून तेव्हा आपल्या हातात होतं तेवढंच: कळा सुरू झाल्या की आईनं एक गोळी घ्यायची आणि जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत बाळाला औषधाचे थेंब द्यायचे. तुम्ही तिला गोळी दिलीत आणि विचारलंत, "कुठं ठेवशील?" ती म्हणाली, "कुकवाच्या करंड्यात. त्याला कोण हात लावत न्हाई." बाळंतपण आपल्याच दवाखान्यात व्हायचं ठरलं होतं. पण आठव्या महिन्यात माहेरचे येऊन तिला घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यापुढे कुणाचं काय चालणार.

मग एका सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. तिचा भाऊ. ताईला काल पहाटे घरीच मुलगी झाली, बाईंना कळवायला सांगितलंय. तुम्ही फोन ठेवलात आणि बोटं मोजलीत. तीनातला एक दिवस उलटून गेला होता. तिचं माहेर आंबवड्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतली वाडी. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते, पटकन. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या दवाखान्याची पोरगी एकाच बाळासाठी इतकी लांब आली, का आली? समदी वाडी इचारंल. गप बस, मला जरा इचार करू दे." आणि पाच मिनिटांनी तुम्ही भिंतीवरचा वजनकाटा काढलात, तो लोंबता, झोळीचा, आणि खांद्याला अडकवलात.

एसटीनं आपल्याला फाट्यावर सोडलं. तिथून चढ. तुमचे गुडघे दुखत होते, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि तुम्ही मला चिडवत होता की पुस्तकात चालायचं शिकवत नाहीत वाटतं. वाडीत पोचल्या पोचल्या तुम्ही देवळापुढं उभ्या राहून आवाज दिलात, "बारक्या पोरांची वजनं करायचीत! समद्यांनी आणा! कुणी म्हणंल आमचं ऱ्हायलं, तर म्या न्हाई ऐकायची!" जांभळाच्या फांदीला काटा टांगला. दहा मिनिटांत जत्रा. एक पोरगं झोळीत बसल्याबरोबर तुमच्या पातळावर मुतलं. एकीचं बाळ दुसरीच्या बाळापेक्षा पावशेर जास्त भरलं म्हणून दोन जावांची जुंपली. एक आजोबा करडू घेऊन आले. "ह्येचं पण करा की." तुम्ही म्हणालात, "आणा. पन बिनरांगंचं न्हाई." आणि खरंच, ते करडू रांगेत थांबलं आणि तुम्ही त्याचं वजन केलंत. मी वहीत लिहिलं नाही म्हणून आजोबा रुसले, तेव्हा तेही लिहायला लावलंत.

शेवटी तुम्ही अगदी सहज विचारलंत, "वाडीत नवी बाळंतीण कोण हाय का? ती कशी बाहेर यील, आमीच जातो." आपण आत गेलो. खोलीत शेकशेगडीचा धूर. तिनं तुम्हाला बघितलं आणि बाळावरचं पांघरूण बाजूला केलं. तुम्ही वाकून बाळाला उचललंत तेव्हा ती कानाशी पुटपुटली, "बाई, गोळी घेतली. आईला म्हणलं, डोकं दुखतंय." बाळ अडीच किलो भरलं. तेवढ्याच मापाचं औषध, अर्धा मिली, मी सुईशिवायच्या सिरिंजमध्ये ओढलं. तुम्ही तुमचा तळवा माझ्या मनगटाखाली धरलात. बाळानं चुटकन गिळलं आणि तोंड वाकडं केलं. तेवढ्यात मधाची वाटी घेऊन बाळाची आजी आली.

"मध न्हाई द्यायचा, आजी. गुटी न्हाई, पाणी न्हाई. सा महिनं फक्त आईचं दूध."

"अगं बया! आमच्या घरात समद्यांना मध चाटवलाय. गोड बोलायला नगं का पोरीनं?"

"मग मला सांगा, ह्या घरात गोड बोलतंय कोण?"

आतून आजीच्या सुनेचं हसू फुटलं, मग आजीचं. वाटी परत गेली. आईच्या दुधासोबत वरचं काही दिलं तर बाळाचा धोका वाढतो, हे तिथं आपल्या तिघींनाच ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर तुम्ही उताराला बसकण मारलीत आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, ते हसूच होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी तुम्ही मला भोरच्या बाजारातून रबरी तळाच्या चपला आणून दिल्यात. एक नंबर मोठ्या. "ऱ्हाऊ दे, पाय वाढत्यात," म्हणालात. चोविसाव्या वर्षी.

दीड वर्ष थांबायचं होतं, तेव्हा कुठे बाळाची पक्की तपासणी होणार. ते दीड वर्ष आपण दोघींनी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. मधल्या काळात तुम्ही तिला आणि तिच्या नवऱ्याला पुण्याला पाठवून त्यांची कायमची औषधं सुरू करून घेतलीत. मुलीच्या लशीची तारीख आणि आईच्या गोळ्या बघायची तारीख एकच ठेवायचात, म्हणजे तिला घरी निघताना एकच कारण सांगावं लागे. कागद आला तेव्हा मी वाचला आणि तुमच्याकडे नुसती मान हलवली. निगेटिव्ह. तुम्ही उठून बाहेर गेलात आणि अर्ध्या तासानं पेढ्यांचा पुडा घेऊन आलात. शिपायानं विचारलं, "कशाचं पेढं, बाई?"

"नातीला दात आला."

"नात तर चार वर्साची हाय तुमची."

"मग दाढ आली आसंल! खायचं का न्हाई तुला?"

ती मुलगी आता कॉलेजात जाते. आई-बाप दोघंही ठणठणीत. बाप टेम्पोच चालवतो, आता स्वतःचा. गेल्या महिन्यात भोरच्या स्टँडवर आई भेटली. हसताना हात तोंडावर धरत नाही आता. पोरीबद्दल तक्रार करत होती, की लई उलट बोलते. मी म्हटलं, मध चाटवू दिला नाही ना बाईंनी. दोघी स्टँडवर उभ्या राहून इतक्या हसलो की कंडक्टर बघायला लागला.

हे सगळं लिहिलं, बाई, पण तुम्ही गेल्यावर आता पाठवायचं कुठं? तुमच्या घरी द्यावं तर तुमची सून वाचेल, आणि हे पुढचं, शेवटचं, तिनं वाचू नये असं वाटतं. तुम्ही निवृत्त होऊन उत्रोलीला राहायला गेलात तेव्हा मी दर आठवड्याला येईन म्हटलं होतं. दोनदा आले. नंतर उपकेंद्राच्या भेटींहून परतताना माझी एसटी तुमच्या घरावरूनच जायची. खिडकीतून तुम्ही दिसायचात, ओट्यावर तांदूळ निवडताना. एकदा तुम्ही मान वर करून एसटीकडे बघितलंत आणि मी खाली वाकले, पिशवीत काही शोधत असल्यासारखी. रागावले नव्हते, कसली लाजही नव्हती. घरी जाऊन कुकर लावायचा होता, एवढंच.