अळणी आमटी

शनिवार, संध्याकाळ.

आज आमटी बिघडली, आणि तरी मी इतकी खूश? बाळकुमला आमच्या संस्थेच्या घरात कॅन्सरवर उपचार घेणारी मुलं आईवडिलांसोबत राहतात. शनिवारचा स्वयंपाक माझ्याकडे. चिपळूणची आरोही सात वर्षांची. केमो सुरू झाल्यापासून तिला सगळंच मातीसारखं लागायचं; दोन घास घेतले की ताट सरकवायची. आज पहिल्याच घासाला ओरडली, "आजी, आमटीत मीठच नाही!"

तिची आई सुनीता रागवायला गेली आणि मध्येच थबकली. "अगं, तुला चव कळतेय?"

"कळतेय म्हणून तर सांगतेय ना!"

मी चाखून पाहिलं. खरंच, मीठ घालायचंच राहिलेलं. बाकीचे सगळे माझ्या भिडेखातर मुकाट जेवत होते! अशी कशी विसरले मी? पण मीठ घातल्यावर आरोहीने दोनदा भात मागून घेतला, तेव्हा वाटलं, विसरले तेच बरं झालं.

सुनीता खरकट्या हातानेच फोनकडे धावली. नवरा गावी असतो. डोळे पुसत, हसत त्याला सांगत होती, "अहो, ऐकलंत का? आपली पोरगी जेवणाला नावं ठेवतेय!"